कागद जपले, पण कुणासाठी?

टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या कवितेचं मूळ हस्तलिखित कायमचं हरवलं, अशीच सगळ्यांची समजूत होती. एलियटने १९२२ साली ते न्यूयॉर्कचे वकील आणि संग्राहक जॉन क्विन यांना भेट म्हणून पाठवलं. क्विन १९२४ मध्ये वारले आणि पुढे त्या कागदांचा मागमूस लागेना. खुद्द एलियटलाही ते कुठे गेले हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्यक्षात १९५८ साली क्विन यांच्या भाचीने ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहाला विकले होते. ग्रंथालयाने ही गोष्ट जाहीर केली १९६८ मध्ये. मधल्या काळात, १९६५ च्या जानेवारीत, कवी जग सोडून गेला होता.

त्या दहा वर्षांत हस्तलिखिताच्या केसालाही धक्का लागला नव्हता. ना वाळवी, ना ओल. फक्त ते तिथे आहे हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि अभ्यासकापुरतं बोलायचं तर जळून गेलेला कागद आणि सूचीत नसलेला कागद यांत काडीचा फरक नसतो. १९७१ मध्ये त्याची प्रतिकृती छापून आली. एलियटचा कवीमित्र एझ्रा पाउंड याने या कवितेवर हात फिरवला होता हे ऐकून माहीत होतं; किती फिरवला होता ते तेव्हा दिसलं. पानंच्या पानं काट मारून उडवलेली, समासात एलियटच्या पत्नीचे, व्हिव्हियनचे शेरे. एकट्या प्रतिभावंताची म्हणून जवळजवळ अर्धं शतक शिकवली गेलेली कविता तीन हातांखालून गेली होती.

बर्ग संग्रह एका सार्वजनिक ग्रंथालयाचा आहे. तरी मी हे उदाहरण विद्यापीठांना उद्देशून देतो आहे, कारण घेतलेले कागद गुपचूप ठेवून देण्याचा हा आजार विद्यापीठांना जास्त सहज जडतो. नामवंत लेखकाची कागदपत्रं मिळाली की समारंभ होतो, कुलगुरूंचा फोटो छापून येतो, निवेदनात 'अमूल्य ठेवा' हे शब्द हमखास असतात. पुढची काही वर्षं खोकी तशीच पडून राहतात, कारण ती उघडून, लावून, नोंदवून ठेवायला माणूस नेमलेला नसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की विद्यापीठाच्या साहित्यिक अभिलेखागाराने पुढच्या खरेदीआधी सूचीवर पैसा खर्च करावा, आणि त्या सूचीतलं जे काही बघण्याजोगं आहे ते मागेल त्याला बघू द्यावं. हे जमत नसेल तर कागद दुसऱ्या कुणाला द्यावेत. हे कठोर वाटेल, पण विद्यापीठ म्हणजे काही खासगी संग्राहकाची तिजोरी नव्हे.

कवी फिलिप लार्किन हल विद्यापीठाचा ग्रंथपाल होता. १९७९ साली त्याने ब्रिटिश ग्रंथालयांचे कान उपटणारा एक लेख लिहिला: आपल्या समकालीन लेखकांची हस्तलिखितं अमेरिकन विद्यापीठं घेऊन चालली आहेत आणि आपण हातावर हात ठेवून बसलो आहोत. त्यात त्याने हस्तलिखिताचं मोल दोन प्रकारचं मानलं. एक जादूचं मोल: हाच तो कागद, याच्यावरच त्याने लिहिलं. दुसरं अर्थाचं मोल: या कागदामुळे कृतीबद्दल आणि लेखकाबद्दल आपल्याला काय कळतं. लार्किनला दोन्ही हवी होती. पण संस्थांच्या व्यवहारात जादू नेहमी बाजी मारते, कारण जादू काचेच्या पेटीत मांडता येते आणि देणगीदाराला दाखवता येते. अर्थाला तास लागतात, टेबल लागतं, आणि खोकं क्रमांक अमुकमध्ये काय आहे हे सांगणारा माणूस लागतो. (याच लार्किनच्या सांगण्यावरून त्याच्या रोजनिश्या कागद फाडायच्या यंत्रात घातल्या गेल्या, उरली ती फक्त कव्हरं. ग्रंथपालाने आपल्या मूळ कागदांना लावलेला नियम आपण निमूटपणे मान्य केला पाहिजे, तो त्याचा हक्क होता. पण गंमत आहे खरी.)

अर्थाचं मोल म्हणजे काय, ते काफ्काच्या 'द कॅसल'वरून चांगलं कळतं. काफ्काचा मित्र मॅक्स ब्रॉड याने ही कादंबरी १९२६ मध्ये छापली आणि जगाने ती 'के.' नावाच्या नायकाची कहाणी म्हणून वाचली. काफ्काच्या भाच्यांच्या मालकीची बरीचशी हस्तलिखितं १९६१ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आली. माल्कम पॅस्ली या प्राध्यापकाने ती स्वित्झर्लंडहून स्वतःच्या छोट्या गाडीत घालून आणली. त्या वह्यांत दिसतं ते असं: काफ्काने ही कादंबरी 'मी' म्हणून लिहायला घेतली होती. मी संध्याकाळी उशिरा पोहोचलो, मी पुलावर उभा राहिलो, अशी. तिसऱ्या प्रकरणापर्यंत तो तसाच लिहीत गेला. मग नायकाच्या फ्रीडा या स्त्रीबरोबरच्या जवळिकीच्या प्रसंगाच्या आसपास त्याची लेखणी अडखळली. तिथून पुढे 'के.' आला, आणि मागे जाऊन त्याने एकेक 'मी' खोडून त्या जागी 'के.' लिहिलं.

या खाडाखोडीवर समीक्षकांनी बरंच लिहिलं आहे आणि सगळ्यांचं एकमत नाही. नसायलाच हवं. त्या प्रसंगात 'मी' म्हणणं लेखकाला अवघड झालं का? की नायकाला जे कळत नाही ते निवेदकालाही कळू नये, पण वाचकाला मात्र नायकापासून हातभर लांब उभं करावं, असं त्याला वाटलं? छापील पुस्तकातून हा प्रश्न पडण्याची शक्यताच नव्हती. तो पडला याचं कारण, वही उघडी होती, तिचं पान कुणीतरी टेबलावर घेऊन बसू शकलं, आणि पॅस्लीला १९८२ मध्ये तिच्यावरून संहिता नव्याने सिद्ध करता आली. काफ्काच्या कोट्यवधी वाचकांपैकी ऑक्सफर्डला कुणी जात नाही, हे खरं. पण आज ते जी संहिता वाचतात, ती त्या वाचनकक्षातून आलेली असते.

आता सूचीकडे वळतो. विषय रुक्ष आहे, पण सगळं घोडं पेंड खातं ते इथेच. लेखकाच्या कागदांत त्याने लिहिलेली पत्रं फारशी नसतातच, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. त्याच्याकडे राहतात ती त्याला आलेली पत्रं. त्याने लिहिलेली पत्रं मित्रांच्या, प्रकाशकांच्या, अनुवादकांच्या, भांडण झालेल्या संपादकांच्या कागदांत, पाच-पन्नास ठिकाणी विखुरलेली. म्हणजे कुठलाही पत्रव्यवहार संपूर्ण वाचायचा तर किमान दोन संस्थांच्या सूच्या समोर ठेवाव्या लागतात. एकीची सूची नसेल तर दुसरीच्या उत्तम सूचीलाही निम्माच अर्थ उरतो. त्यात आणखी एक मेख आहे. सूची करणारा ज्याला महत्त्वाचं समजतो त्याची नोंद होते. नामवंतांच्या पत्रांना स्वतंत्र फोल्डर, आणि टंकलेखिकेच्या, मुद्रितशोधकाच्या, घर सांभाळणाऱ्या बाईच्या चिठ्ठ्या 'किरकोळ' या खोक्यात. पन्नास वर्षांनी संशोधनाचे प्रश्न बदलतात आणि नेमकं ते 'किरकोळ' खोकंच हवं असतं.

२००५ साली मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या दोन अमेरिकन अभिलेखकारांनी आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले होते. प्रत्येक कागदाची पिन काढत, प्रत्येक पान सपाट करत बसलात तर साठलेली खोकी कधीच संपायची नाहीत. आधी ढोबळ यादी करा, लोकांना आत घ्या, आणि ज्याला मागणी आहे त्यावर नंतर बारीक काम करा, असा त्यांचा आग्रह. त्यावर बरीच वादावादी झाली. विरोधकांचा मुद्दा पोकळ नाही: ढोबळ यादीतून एखादं पान चोरीला गेलं तर गेलं हेसुद्धा कळत नाही, आणि कुणाचं वैद्यकीय पत्र न बघता वाचकाच्या हाती पडू शकतं. तरी माझं झुकतं माप ग्रीन आणि माइस्नर यांच्याकडे आहे. चोरीवर वाचनकक्षातल्या देखरेखीचा उपाय आहे, खासगी कागदांवर मुदतबंद लिफाफ्याचा. वीस वर्षं बंद राहिलेल्या खोक्यावर उपाय नाही, कारण तोवर ज्याला प्रश्न पडला होता तो अभ्यासक दुसऱ्या विषयाकडे वळलेला असतो, आणि ज्याच्या आठवणीतून चिठ्ठीतल्या टोपणनावाचा उलगडा झाला असता तो माणूस हयात नसतो.

मग दाराचा प्रश्न. बऱ्याच विद्यापीठांत वाचनकक्षात शिरायला विभागप्रमुखाचं पत्र, संशोधनाचा विषय, मार्गदर्शकाची सही असला जामानिमा लागतो. नियम करणाऱ्याच्या मनात 'वाचक' म्हणजे पीएच.डी. करणारा विद्यार्थी हे पक्कं बसलेलं असतं. अनुवादकाला एखादी ओळ मूळ खर्ड्यात कशी होती ते बघायचं असतं. नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाला पहिल्या प्रयोगाआधी कापलेला प्रवेश हवा असतो. शाळेतल्या शिक्षकाला मुलांना दाखवायचं असतं की पाठ्यपुस्तकातली गुळगुळीत कविता आधी किती वेळा फसली होती. यांच्यापैकी कुणाकडे विभागप्रमुख नसतो. ओळखपत्र मागा, पिशवी बाहेर ठेवायला सांगा, शाईचं पेन काढून घ्या आणि पेन्सिल द्या. हे सगळं रास्त. पण 'तुम्हाला हे कशाला हवंय?' हा प्रश्न सार्वजनिक पैशावर किंवा करसवलतीवर चालणाऱ्या संस्थेने विचारू नये. कागद जीर्ण असेल तर स्कॅन दाखवा. तो करायला वेळ लागणार असेल तर किती, ते सांगा.

काही कागद बंदच ठेवावे लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पत्र लिहिणारा माणूस पुढे चालून आपलं पत्र एखाद्या विद्यापीठाच्या खोक्यात जाणार आहे असं धरून लिहीत नाही. त्यात तिसऱ्याच कुणाच्या आजाराची, कर्जाची, घटस्फोटाची हकिकत असते. तेव्हा बंद करण्याला हरकत नाही. हरकत आहे ती तारीख न घालता बंद करण्याला. एलियटचीच पत्रं घ्या. एमिली हेल या मैत्रिणीने त्याची १,१३१ पत्रं १९५६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाला दिली, अट एकच: दोघांपैकी मागे राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं ती उघडू नयेत. हेल १९६९ मध्ये वारली. २ जानेवारी २०२० रोजी प्रिन्स्टनने खोकी उघडली. त्याच दिवशी हार्वर्डने एलियटचं एक निवेदन खुलं केलं. ते त्याने १९६० मध्येच लिहून ठेवलं होतं आणि ही पत्रं उघडतील तेव्हाच बाहेर काढावं असं सांगून ठेवलं होतं. त्यात त्याने त्या प्रेमाची जवळपास बोळवणच केली आहे. हेलशी लग्न झालं असतं तर आपल्यातला कवी मेला असता, असा त्याचा सूर. हेलची पत्रं त्याने आधीच जाळून टाकली होती. एकाने तारीख लिहून कुलूप लावलं, दुसऱ्याने काडी लावली. साठ-साठ वर्षं मागे बसून दोघांनी पुढच्या वाचकांशी वाद घालायची तयारी ठेवली होती. पण प्रिन्स्टनने आपलं काम चोख बजावलं: अट पाळली, कुणाच्या दबावाखाली आधी उघडलं नाही, आणि मुदत संपल्यावर उगाच ताणलं नाही.

याच्या उलट 'वारसांच्या परवानगीने' ही अट. ती दिसायला सभ्य, पण प्रत्यक्षात बेमुदत. जेम्स जॉइसचा नातू स्टीफन जॉइस याने जॉइसची मुलगी लुसिया हिची पत्रं आपण नष्ट केल्याचं १९८० च्या दशकाच्या अखेरीस उघडपणे सांगितलं. लुसियाचं चरित्र लिहिणाऱ्या कॅरल श्लॉस यांना २००३ मध्ये पुस्तकातले कितीतरी उतारे वारसांच्या धाकाने गाळावे लागले. २००६ मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि पुढच्या वर्षी तडजोडीत त्यांना ते उतारे वापरण्याची मुभा मिळाली. कोर्टात जायची ऐपत आणि पाठबळ असलेला अभ्यासक शंभरांत एखादा. बाकीचे ते प्रकरण मुकाट वगळून टाकतात आणि वाचकाला काय वगळलं हे कधी कळत नाही. म्हणून करार करतानाच विद्यापीठाने वारसांना स्पष्ट सांगावं: परवानगीची साखळी नको, वर्ष लिहा. तीस म्हणा, पन्नास म्हणा, पण आकडा लिहा.

सार्वजनिक जीवनात अशा संग्रहाचं काय काम, असं विचारलं की बहुधा प्रदर्शनं, व्याख्यानं, जन्मशताब्दी वगैरे उत्तर येतं. लेखकाचा चष्मा, लेखकाचं पेन. याला माझा विरोध नाही. लहान मुलं काचेला नाक लावून बघतात ते बरंच आहे. पण हे काम संग्रहालय करू शकतं. विद्यापीठाच्या अभिलेखागाराने जे करायचं ते जास्त अवघड: लाडक्या लेखकाविरुद्धचा पुरावासुद्धा जपायचा. जॉर्ज ऑरवेलचे कागद १९६० पासून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांना आपल्या जागतिक स्मृतिनोंदीत घेतलं. त्यांतच एक वही आहे. कम्युनिस्टांशी जवळीक असल्याचा ज्यांच्यावर त्याला संशय होता, अशा लेखक-पत्रकारांची नावं त्याने तीत टिपून ठेवली होती. त्यांतली काही नावं त्याने १९४९ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचारविभागाला कळवली. पाळत ठेवणाऱ्या सत्तेवर ज्याने सर्वांत धारदार लिहिलं, त्याच्याच हातची ही यादी. त्याचं समर्थन करणारेही आहेत, त्याला माफ न करणारेही. दोघांनाही वहीतल्या खुणा आणि शेरे बघता येतात, म्हणून भांडण अफवांवर चालत नाही. वही संग्रहात आल्यावर 'साहेबांच्या प्रतिमेला धक्का नको' म्हणून कुणी ती बाजूला काढून ठेवली असती तर? अशी बाजूला काढलेली पाकिटं जगात किती असतील, याचा विचार करून बघावा.

मालकीचा सोसही मला थोडा जास्तच वाटतो. एमिली डिकिन्सनच्या जवळपास १,८०० कवितांचे कागद घरातल्या भांडणामुळे दोन वाटांनी गेले. एक वाटा हार्वर्डकडे, एक अॅमहर्स्ट कॉलेजकडे. तिच्या पानांवर शब्दाशेजारी छोटी अधिकची खूण असते आणि खाली पर्यायी शब्द, कधी तीन, कधी चार, आणि त्यांतला एकही तिने अखेरचा म्हणून निवडलेला नसतो. छापील आवृत्तीला एक शब्द घ्यावाच लागतो. पान बघितलं की कळतं, तिने तो निर्णय टाळला होता. ही पानं एकत्र दिसण्यासाठी २०१३ उजाडलं, तेव्हा कुठे दोन्ही संग्रह एका संकेतस्थळावर आले, तेही कुरबुरींसकट.

त्याच वर्षी जादवपूर विद्यापीठाने 'बिचित्रा' खुलं केलं. रवींद्रनाथ टागोरांच्या हस्तलिखितांची ४७ हजारांहून अधिक पानं, शिवाय छापील आवृत्त्या, आणि एकाच कवितेचे वेगवेगळे पाठ शेजारी ठेवून फरक दाखवणारी सोय. कुणालाही, फुकट. यातली मूळ हस्तलिखितं जादवपूरची नाहीत; मुख्यतः ती विश्वभारतीच्या रवींद्रभवनात आहेत आणि काही हार्वर्डमध्ये. जादवपूरने आपली मेहनत, आपले विद्यार्थी आणि आपली संगणकविद्या दिली. टागोरांचे हक्क २००१ च्या अखेरीस संपले होते, हेही पथ्यावर पडलं. खोडलेल्या ओळींना जोडत जोडत त्यांनी काढलेली चित्रं आता घरबसल्या मोठी करून बघता येतात. एक कागदही स्वतःचा नसताना एका विद्यापीठाने हे केलं, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांत आपल्या देशात साहित्यसंशोधनासाठी झालेलं याहून मोलाचं काम शोधून काढावं लागेल.

पैसेवाल्या संस्थांनाही हे करता येतं. टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरने २०१४ मध्ये गाब्रिएल गार्सिया मार्केसचा संग्रह २२ लाख डॉलरला घेतला. किंमत सांगायला विद्यापीठ आधी तयार नव्हतं, आणि कोलंबियाच्या लेखकाचे कागद कोलंबियाबाहेर गेले म्हणून तिकडे हळहळही झाली. ती रास्तच होती. बोगोताच्या विद्यार्थ्याने ऑस्टिनचा व्हिसा काढून खर्डे बघायचे का? पण २०१७ मध्ये सेंटरने वारसांच्या संमतीने, हक्क अजून शाबूत असताना, सुमारे २७ हजार प्रतिमा सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवल्या. वारस तयार होऊ शकतात, हे त्यावरून दिसलं. त्यांना तसं विचारायला हवं, इतकंच.

पुढची अडचण कागदाचीच नाही. सलमान रश्दींनी एमरी विद्यापीठाला कागदांबरोबर चार अॅपल संगणकही दिले. एमरीने त्यांतल्या फायली नुसत्या उतरवून घेतल्या नाहीत. पहिल्या संगणकाचं अख्खं वातावरण नव्या यंत्रावर उभं केलं, त्यामुळे २०१० पासून वाचकाला रश्दींचा पडदा जसा होता तसा, फोल्डरांच्या मांडणीसकट, बघता येऊ लागला. ते शक्य झालं कारण यंत्रं हाताशी होती. आजचा लेखक कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर लिहितो, एकाच फायलीत मागचं पुसत पुढे जातो, पत्रव्यवहार फोनवरच्या निरोपांत करतो. त्याच्या मृत्यूनंतर पासवर्ड कुणाकडे, हे घरच्यांनाही माहीत नसतं, आणि वापर थांबल्यावर खातं किती दिवस ठेवायचं हे कंपनी ठरवते. विद्यापीठ मात्र अजून लेखक वारल्यावर टेम्पो पाठवायच्या तयारीत असतं. आज साठीत असलेल्या लेखकांकडे अभिलेखकाराने आत्ताच जायला हवं: जुने लॅपटॉप फेकू नका, मसुद्यांच्या प्रती तारीख घालून वेगळ्या ठेवा, काय बंद ठेवायचं आणि किती वर्षं ते तुम्हीच लिहून द्या. या कामाला इमारत लागत नाही. पगारी माणूस लागतो, एक-दोन तरी, आणि बहुतेक विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात नेमकी तीच जागा रिकामी असते.